रोडग्याच्या आरावर चीज

मार्गशीर्ष-पौषात विदर्भात थंडी पडू लागली की शेतात आणि देवळांच्या आवारात रोडग्यांच्या पंगती सुरू होतात. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा झरी जामणी तालुका याच पट्ट्यात येतो. शिवारात कापसाची वेचणी चालू असते, तूर शेंगांनी भरलेली असते. पैनगंगेपलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. रोडगा करायची रीत साधी आहे. जाडसर दळलेल्या कणकेच्या पाऱ्यांना तेल लावायचे, त्या एकात एक बंद करून गोळा वळायचा. गोवऱ्यांची रास पेटवायची आणि ज्वाळा बसून लाल आर उरेपर्यंत थांबायचे. मग गोळे आरात लावायचे, उलटसुलट करत खरपूस भाजायचे, राख झटकून फडक्याने पुसायचे, हाताने फोडायचे आणि आतल्या वाफेवर तुपाची धार सोडायची. वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण सोबतीला असतेच.

याच जिल्ह्यातल्या मंगल कार्यालयांत आणि महामार्गालगतच्या हॉटेलांत आता जेवणाआधीच्या चटकमटक पदार्थांत गार्लिक ब्रेड, चीज टोस्ट, चिली चीज टोस्ट अशी नावे दिसतात. पाव भाजायचा, त्यावर चीज वितळवायचे, वर सुवासिक पाला पेरायचा, एवढाच तो पदार्थ. तरी तो पुष्कळदा बिघडतो. पाव खालून मऊ पडतो, चीज रबरासारखे ताणते किंवा तेल सोडते, लसूण करपून कडवट होतो आणि ओरेगॅनोच्या पुडीखेरीज कसलाच वास येत नाही. मग हा परका पदार्थ आपल्या हाताला बसत नाही, अशी समजूत होते.

ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. पदार्थ उकलला तर त्यात चार गोष्टी निघतात: आर, भाकर, चीज आणि पाला. त्यांतल्या तीन गोष्टींचे ज्ञान विदर्भाच्या चुलीपाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे. नवी गोष्ट एकच, वितळणारे चीज. तेवढे नीट समजून घेतले तर बाकीची वाट रोडगेच दाखवतात.

शिळ्या भाकरीची जगभरची सोय

हा पदार्थ जिथे जिथे आहे तिथे बहुतेक वेळा त्याचा जन्म शिळ्या पावातून किंवा भट्टीच्या उरलेल्या धगीतून झालेला दिसतो. इटलीतल्या ‘ब्रुशेटा’चे नाव मध्य इटलीच्या बोलीतल्या ‘निखाऱ्यावर भाजणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आले. तस्कनीत त्याच पदार्थाला ‘फेत्तुंता’, म्हणजे तेल माखलेला तुकडा, म्हणतात. ऑलिव्हचे नवे तेल घाण्यातून उतरते तेव्हा शरद ऋतूत पावाचा जाड तुकडा विस्तवावर भाजतात, त्यावर कच्ची लसणाची पाकळी घासतात आणि ताजे तेल ओततात. चीज त्यात मुळात नाहीच. विदर्भात नव्या जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल गरम भाकरीवर घेऊन वर तिखट-मीठ घालतात, त्याच जातीचा हा घास आहे.

स्पेनच्या कॅटलोनियात भाजलेल्या पावावर पिकलेला टोमॅटो घासतात. लेबनॉन-सीरियात भट्टीत जाणाऱ्या चपट्या रोटीवर झातर पसरतात. झातर म्हणजे ओरेगॅनोच्या कुळातला वाळवलेला पाला, तीळ आणि सुमाक ही आंबट पूड यांचे तेलात कालवलेले मिश्रण. काही जण त्याबरोबर पांढरे खारे चीजही घालतात. ब्रिटनमधल्या वेल्सच्या नावाचा ‘रेअरबिट’ अठराव्या शतकापासून चालत आला आहे. त्यात चीज, बिअर आणि मोहरी शिजवून सॉस करतात, तो पावावर ओततात आणि वरून धग देतात. पॅरिसच्या कॅफेंत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘क्रोक मस्यू’ हा चीज घालून भाजलेला सँडविच आला. आज ज्याला सगळे गार्लिक ब्रेड म्हणतात तो मात्र अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांच्या स्वयंपाकातून घडला. तिथे ऑलिव्ह तेलाची जागा लोण्याने घेतली.

यांतल्या बहुतेकांत क्रम एकच दिसतो. आधी कोरडी धग, मग स्निग्धता, मग वास. चीज असलेच तर ते मधे कुठेतरी येते.

मुंबई आणि गोव्याची वाट

मराठी मुलखात पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि त्यांच्याच शब्दाचे नाव घेऊन राहिला. गोव्यात खमिरासाठी माडाची सूर वापरत. सासष्टी तालुक्यातले माजोर्डा गाव पदेरांचे, म्हणजे पाव भाजणाऱ्यांचे, गाव म्हणून ओळखले जाते. तिथला कोंड्याचा पोकळ पोई, कडक कवचाचा उंडो, काकण हे सगळे भट्टीतल्या कोरड्या धगीचे पदार्थ. पोई मधोमध चिरून तव्यावर कडक केला की त्याचे पातळ, खरपूस तळवे होतात. चीज टोस्टच्या कामाला तो फार चांगला लागतो.

मुंबईत इराण्यांनी ब्रून पाव रुजवला. धोबीतलावचे कयानी 1904 सालचे, फोर्टमधली याझदानी बेकरी 1953 ची. ब्रूनचे कवच इतके कडक असते की मस्का लावून चहात बुडवल्याशिवाय काहींना तो चावत नाही. चीज पेलायला हे कवच उपयोगी पडते, कारण वितळलेले चीज आणि लोणी ते आत झिरपू देत नाही. ही चव बऱ्याच अंशी लाकडाच्या भट्टीची आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरील सुनावणीत लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. शहराची हवा सुधारायलाच हवी. त्याच वेळी जुन्या भट्टीची जाड, धरून राहणारी धग विजेच्या किंवा गॅसच्या भट्टीत कशी आणायची, हा कारागिरीचा खरा प्रश्न बेकरीवाल्यांसमोर आहे.

मुंबईने या पदार्थात स्वतःची भरही घातली. विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबमध्ये चीज टोस्टवर तळलेले अंडे आणि हिरवी मिरची असा पदार्थ देवीप्रसाद केजरीवाल यांच्या आवडीतून रूढ झाला. आज तो ‘एग्ज केजरीवाल’ या नावाने लंडनपर्यंतच्या हॉटेलांत मिळतो. रस्त्यावरच्या सँडविचवाल्याने तर सगळ्या प्रश्नाचे उत्तर केव्हाच शोधून ठेवले आहे. पावाला लोणी, त्यावर कोथिंबीर-पुदिना-मिरचीची चटणी, मधे चीज, आणि सगळे लांब दांड्याच्या चिमटा टोस्टरमध्ये दाबून निखाऱ्यावर किंवा गॅसवर. पाला, चीज, भाजलेला पाव हे तिन्ही त्यात आहेत. इटालियन नाव मात्र कुठेच नाही.

भाकर कोणती घ्यावी

पहिली निवड पावाची, आणि बहुतेक वेळा बिघाड इथेच होतो. बाजारातला पांढरा, गोडसर स्लाइस ब्रेड पातळ आणि ओलसर असतो. पावात पाणी भरपूर असेल तोवर त्याच्या पृष्ठाचे तापमान 100 अंशांच्या आसपास अडकून राहते. खरपूस रंग आणि वास ज्या अभिक्रियेतून येतो ती साधारण 140 अंशांच्या पुढे वेग घेते. म्हणून ओला पाव आधी वाफाळतो, मऊ पडतो आणि रंग येईपर्यंत वरचे चीज तेल सोडू लागते. उपाय दोन आहेत. पाव एक दिवस शिळा घ्यावा. आणि चीज घालण्याआधी तो नुसताच दोन्ही बाजूंनी भाजून घ्यावा.

जाडी दीड ते दोन सेंटीमीटर बरी. त्याहून पातळ तुकडा वाकतो, त्याहून जाड तुकडा तोंडात मावत नाही. जेवणाआधीचा घास दोन चाव्यांत संपायला हवा. बेकरीचा कडक पाव, ब्रून, पोई, आंबवलेल्या पिठाचा जाड कवचाचा पाव हे सगळे चालतात. लादीपाव मऊ आणि गोडसर असला तरी मधून कापून आतली बाजू तव्यावर दाबून कडक केली की निभावतो.

झरी जामणीसारख्या ठिकाणी रोजची बेकरी गाठणे सगळ्यांना सोपे नसते. तिथे दोन देशी तळवे जास्त चांगले. पहिला म्हणजे आदल्या दिवसाचा रोडगा. तो गच्च असतो, आतून पदर सुटलेले असतात आणि बाहेरून कवच तयारच असते. बोटभर जाडीच्या गोल चकत्या कापून जाळीवर भाजल्या की त्या चीज उत्तम धरतात. खानदेशातली बट्टी हाही त्याच जातीचा पदार्थ. ती कापून तुपात परततातच, शिवाय तिच्या कणकेत ओवा असतो.

दुसरा तळवा ज्वारीच्या भाकरीचा. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे भाकरीला पावासारखी जाळी नसते. ती पातळ आणि कोरडी असते. तव्यावर भाजून, आरावर फुगवून, गार झाल्यावर त्रिकोणी तुकडे करून पुन्हा मंद धगीवर कडक करायची. असे तुकडे कुरकुरीत होतात, पण जड थर पेलत नाहीत. त्यांच्यावर चीज पातळच किसावे.

पळसाच्या पानांत दाबून भाजलेल्या पानग्यांचाही इथे विचार करायला हवा. विदर्भाच्या शिवारात पळसाला तोटा नाही. पान जळते आणि आतली कणीक त्या वाफेत शिजते. पानाचा धुरकट वास पानग्याला चिकटतो. तो वास चीजला फार मानवतो. युरोपात चीज मुद्दाम धुरी देऊन टिकवतात, तीच चव इथे पळसाच्या पानातून मिळते.

चीज वितळते कसे

आता नवा भाग. पनीर आणि चीज दोन्ही दुधाचेच, मग एक वितळते आणि दुसरे का नाही? पनीर करताना दूध जवळजवळ उकळीपर्यंत तापवतात आणि लिंबाने किंवा सायट्रिक आम्लाने फोडतात. त्या तापात दुधाच्या निवळीतली प्रथिने केसीन या मुख्य प्रथिनाला घट्ट चिकटतात. आम्लामुळे केसीनला जोडून ठेवणारे कॅल्शियम निघून जाते. जी जाळी उरते ती उष्णतेने सैल होत नाही. म्हणून पनीर तव्यावर लाल होते, पण ओघळत नाही.

चीज करताना दूध फारसे तापवत नाहीत. ते रेनेट या विकराने जमवतात. त्यात केसीनची जाळी कॅल्शियमच्या दुव्यांनी बांधलेली राहते. पुढे विरजणातले जिवाणू आम्ल वाढवतात आणि दुवे जरासे सैल करतात. आम्लता नेमकी मध्यावर आली की धग लागताच जाळी सरकते, मेद सुटतो आणि चीज वाहू लागते. मोझरेलाचा तंतू त्या सरकत्या जाळीचाच असतो. रेनेट पूर्वी वासराच्या पोटातून मिळवत. भारतात आता मोठ्या कंपन्या बुरशीपासून तयार केलेले विकर वापरतात, त्यामुळे पाकिटावर हिरवा ठिपका दिसतो. पारशांचे टोपली पनीर नावाला पनीर असले तरी रेनेटने जमते. म्हणूनच ते मऊ आणि लुसलुशीत लागते.

तिसरा प्रकार प्रोसेस्ड चीजचा. 1911 साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर यांनी चीज वितळवून त्यात सायट्रेटचे क्षार मिसळले आणि ते एकजीव ठेवण्याची युक्ती साधली. हे क्षार कॅल्शियम पकडून ठेवतात, त्यामुळे मेद आणि पाणी वेगळे होत नाहीत. उष्णतेत चीज फाटत नाही, चांगले टिकतेही. भारतातल्या बहुतेक घरांनी चीज म्हणून हेच ओळखले. त्यामागे मोठी देशी कामगिरी आहे. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत. आणंदला एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि 1955 मध्ये अमूलचा तो कारखाना सुरू झाला. पुढे म्हशीच्याच दुधाचे चीज देशभर पोहोचले.

महाराष्ट्रही यात मागे नाही. पुणे जिल्ह्यात मंचरला 1992 साली स्थापन झालेली पराग मिल्क फूड्स ‘गो’ या नावाने चीज विकते. बारामतीच्या कारखान्यातून देशातल्या मोठ्या खाद्यसाखळ्यांना चीज गेले आहे. मुंबईत 2014 मध्ये स्पॉटेड काऊ आणि 2015 मध्ये एलेफ्थेरिया अशा हाताने चीज करणाऱ्या लहान उद्योगांनी सुरुवात केली. मौसम नारंग यांच्या एलेफ्थेरियाच्या ब्रुनोस्टला 2021 च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळाले. ब्रुनोस्ट हे चीज करताना उरलेली निवळ आटवून केलेले नॉर्वेच्या पद्धतीचे तपकिरी चीज. खवा आटवणाऱ्या समाजाला त्याची चव परकी वाटू नये.

विदर्भाची स्वतःची दुधाची बाजूही आहे. नागपुरी म्हैस लांब, तलवारीसारख्या शिंगांची आणि उन्हाळ्यातही तग धरणारी. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास मेद असतो, गाईच्या दुधात साधारण साडेतीन ते चार. दहा लिटर गाईच्या दुधातून चेडरसारखे चीज जेमतेम किलोभर निघते, म्हशीच्या दुधातून जास्त. या हिशेबामुळे चीज दुधापेक्षा नेहमीच महाग राहते. मजुरीवर चालणाऱ्या घरात, कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर तर नक्कीच, ते रोजचे अन्न होणार नाही. पाहुणचाराचा एक घास म्हणून त्याकडे पाहणे योग्य.

याच महागपणामुळे बाजारात नकलाही आल्या. दुधाच्या मेदाऐवजी वनस्पती तेल घालून केलेले पदार्थ चीज किंवा पनीर म्हणून खपवले जातात. मार्च 2025 मध्ये महाराष्ट्र विधानसभेत बनावट पनीरचा प्रश्न गाजला तो यामुळेच. असे पदार्थ दुधाचे म्हणून विकायला नियमाने मनाई आहे, त्यांच्या वेष्टनावर तसे स्पष्ट लिहावे लागते. घटकांच्या यादीत पाम तेल किंवा दुसरे वनस्पती तेल दिसले की ते चीज नव्हे, हे ओळखावे. गरम केल्यावर तेलकट चकाकी येते, दुधाचा वास मात्र येत नाही, ही दुसरी खूण.

मिश्रण कसे करावे? एकट्या मोझरेलाला तार येते, पण चव फिकी. एकट्या प्रोसेस्ड चीजला खारट चव असते, पण ते थराने बसते, वाहत नाही. दोन्ही निम्मे-निम्मे किसून घेतले की तार आणि चव जमते. चेडर मिळाले तर प्रोसेस्डच्या जागी तेच घ्यावे. फक्त पनीरच मिळत असेल तर त्याचा चुरा करून त्यात घट्ट साय, चिमूटभर मीठ आणि मिरपूड मळावी आणि तो थर पावावर पसरावा. तो वितळणार नाही, वरून सोनेरी होईल. तार नसली तरी चवीला तो कुठेही कमी पडत नाही.

मरव्याची बहीण ओरेगॅनो

पाल्याच्या बाबतीत मराठी घर जितके श्रीमंत आहे तितके त्याला स्वतःला ठाऊक नसते. 1996 पासून पिझ्झाच्या साखळ्या भारतात आल्या आणि त्यांच्या लहान पुड्यांतून ओरेगॅनोचे नाव गावोगाव गेले. ज्या वनस्पती-कुळाचा हा पाला आहे त्याच कुळातला मरवा मराठी बायका गजऱ्यात आणि वेणीत माळत आल्या आहेत. मरवा म्हणजे ओरिगॅनम मेजोराना, ओरेगॅनो म्हणजे ओरिगॅनम वल्गारे. सख्ख्या बहिणीच त्या. मरव्याचा वास जरा गोडसर, सौम्य. वाळवलेल्या ओरेगॅनोच्या जागी ताजा मरवा बारीक चिरून, थोडा जास्त घालावा. तो मात्र घरच्या कुंडीतला, फवारणी न केलेला असावा. फुलबाजारातला मरवा खाण्यासाठी पिकवलेला नसतो.

बेसिलचेही तसेच. फालुद्यातला काळा, भिजल्यावर फुगणारा सब्जा हे ज्या झुडपाचे बी, त्याचीच पाने म्हणजे इटालियनांची बेसिल. सब्ज्याचे बी कुंडीत टाकले तर काही आठवड्यांत पाने हाताला येतात. देवघरासमोरची तुळस त्याच वंशातली, पण तिचा वास लवंगेसारखा उग्र आणि चव तिखट. शिवाय बऱ्याच घरांत ती पूजेची. या पदार्थात सब्जाच नीट बसतो.

तिसरा पाला पानओव्याचा. जाड, लवदार पानांची भजी विदर्भात, कोकणात सगळीकडे करतात. कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ही सुगंधी द्रव्ये ओरेगॅनोत असतात, तीच पानओव्यात असतात. ओव्याच्या दाण्यात तर थायमॉल हेच मुख्य, आणि थाइम या युरोपी पाल्याला ज्याचा वास असतो तेच ते द्रव्य. म्हणजे चिमूटभर ओवा तळहातावर चोळून चीजवर टाकला की थाइमची पुडी आणायला शहरात जायची गरज उरत नाही.

आणि सांबार. विदर्भात कोथिंबिरीला हे नाव आहे, आणि सांबारवडीतून तिची महती सर्वांना ठाऊक आहे. लसणाची पात, पुदिना, कढीपत्ता, उन्हाळ्यातली आंबट चिवळ हेही हाताशी असते. चिवळीची कोवळी पाने कच्चीच वर पेरली की चीजच्या जडपणाला छेद देतात. वऱ्हाडी भुरका, म्हणजे तिखट आणि लसूण यांवर कडकडीत तेल ओतून केलेली चटणी, चमचाभर घेतली तर चिली चीज टोस्टची सगळी बाटलीबंद सॉसे मागे पडतात.

एक भेद मात्र पाळावा लागतो. ज्यांचा वास तेलात आणि धगीत टिकतो, तो पाला आधी: ओवा, पानओवा, वाळवलेला ओरेगॅनो, कढीपत्ता. ज्यांची पाने धगीने काळी पडतात आणि वास उडतो, ती नंतर: सांबार, सब्जा, पुदिना, चिवळ, मरवा. वाळवलेला एक चमचा पाला म्हणजे ताजा तीन चमचे, हे मोजमाप सर्वसाधारणपणे चालते. ताजा पाला धुतल्यावर फडक्याने टिपून घ्यावा, नाहीतर चीजवर पाण्याचे डाग पडतात आणि पाव ओला होतो.

तवा, भट्टी आणि आर

चौघांसाठी आठ तुकडे धरले तर 50 ग्रॅम बिनमिठाचे लोणी, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या, 100 ग्रॅम किसलेले चीज, पाव चमचा ओवा, एक हिरवी मिरची आणि मूठभर सांबार पुरतो. प्रोसेस्ड चीजमध्ये मीठ भरपूर असते, म्हणून लोण्यात मीठ नको.

लसणाच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत तो ठेचून लोण्यात मंद आचेवर मिनिटभर परततात, रंग बदलण्याआधीच उतरवतात. दुसरी तस्कनीची. भाजलेल्या गरम पावावर सोललेली अख्खी पाकळी घासायची. कडक पृष्ठ किसणीचे काम करते आणि लसणाचा कच्चा, तीव्र वास पावात उतरतो. कच्चा ठेचलेला लसूण चीजवर टाकून भाजणे टाळावे, तो आधी करपतो. उरलेले लसूण-लोणी फ्रिजमध्येच ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे. तेलात किंवा तुपात बुडालेला लसूण बाहेर ठेवला तर हवेविना वाढणाऱ्या बोट्युलिनम जिवाणूंचा धोका असतो. मे महिन्यात 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या विदर्भाच्या उन्हात ही काळजी दुप्पट घ्यावी.

तव्यावर करायचे तर पाव थोड्या तुपावर भाजावा. लोण्यातला दुधाचा अंश लवकर करपतो, तूप जास्त धग सोसते. एक बाजू खरपूस झाली की उलटवावा, भाजलेल्या बाजूवर लसूण-लोणी, चीज, ओवा आणि मिरची घालावी, आच मंद करून झाकण ठेवावे. तीन-चार मिनिटांत चीज बसते. झाकणाखाली वाफ धरते, म्हणून शेवटचे अर्धे मिनिट झाकण काढून पाव पुन्हा कडक होऊ द्यावा. ओव्हन असेल तर 200 अंशांवर पाव आधी पाच मिनिटे कोरडा भाजावा, मग चीज घालून वरची धग देत दोन-तीन मिनिटे. इथे पाठ फिरवून चालत नाही, चीज सोनेरीपासून काळे व्हायला अर्धे मिनिटही लागत नाही.

आरावर करणे सगळ्यात सुंदर, आणि त्यासाठी रोडग्यांचाच नियम लागू पडतो. ज्वाळेवर काहीही भाजू नये. गोवऱ्या किंवा बाभळीचे लाकूड जळून लाल निखारे आणि वर राखेचा पातळ थर आला, हात चार-पाच सेकंद वर धरवतो इतकी धग उरली, की जाळी ठेवावी. पावाच्या दोन्ही बाजू भाजाव्यात. मग चीज घालून तुकडे जाळीच्या कडेला, मंद धगीत सरकवावेत आणि वरून कढई किंवा घमेले पालथे घालावे. त्या पोकळीत धग कोंडते, भट्टीसारखी वरूनही लागते, आणि धुराचा वास चीजवर बसतो. रोडगे काढल्यावर जो आर उरतो त्यावर हे काम सहज होते. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइडचा धोका जिवावर बेततो. जळणात प्लॅस्टिकचा तुकडाही नको.

तुकडे उतरले की लगेच सांबार किंवा सब्जा हाताने तोडून पेरावा, दोन थेंब लिंबू पिळावे, हवे तर जवसाच्या कच्च्या तेलाची बारीक धार. जवसाचे तेल धगीला सोसत नाही, ते असेच वरून घ्यावे. दहा मिनिटांत चीज घट्ट होते, म्हणून हा पदार्थ ताटात मांडून ठेवायचा नाही. जसजसे निघतील तसतसे हातोहात द्यायचे.

पंगतीपूर्वीचा घास

अडचणी खऱ्या आहेत. झरी जामणीत चांगले चीज हवे तर वणी किंवा पांढरकवड्याच्या बाजाराकडे पाहावे लागते. उन्हाळ्यात ते घरी येईपर्यंत मऊ पडते. वीज गेली की फ्रिजचा भरवसा राहत नाही. त्यावर थंडीचे दिवस हेच उत्तर. रोडग्यांचा हंगाम, चीज टिकण्याचा हंगाम आणि सांबार, लसणाची पात, पुदिना भरपूर असण्याचा हंगाम एकच आहे. दुधाची बाजूही हलते आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि मदर डेअरी यांच्या सहभागातून विदर्भ-मराठवाड्यात दूध संकलनाचा प्रकल्प उभा राहिला. गावातल्या दुधाला बाजार मिळाला तर महिला बचत गटांना पनीरच्या पुढे जाऊन साधे, न मुरवता खायचे मऊ चीज करण्याचा विचार करता येईल. त्यासाठी लागते ते पाश्चराइज केलेले दूध, शाकाहारी रेनेट, तापमापक आणि काटेकोर स्वच्छता.

तोवर एखाद्या पौषातल्या रविवारी शेतात रोडगे लागलेले असताना, वांग्याची भाजी शिजायला अजून अर्धा तास असताना, कालचे दोन रोडगे कापून चकत्या जाळीवर ठेवता येतील. लहान मुले आरापाशी आधीच जमलेली असतात. चीज वितळू लागले की त्यांच्यातलेच कोणीतरी बांधावरून सांबार खुडून आणते, आणि पंगत बसण्याआधीच जाळी रिकामी होते.